ढोलाच्या मागे कोणी राहायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, थोडा थापाडाही आहे. ज्याचा जन्मच थापा खाण्यासाठी झाला, तो चार थापा मारणारच. पण काळजी करू नका. खरं सांगायची वेळ आली की माझा आवाज आपोआप खाली येतो. तेवढं लक्षात ठेवा, म्हणजे फसणार नाही.

माझं गाव कुराबिन. ऑस्ट्रेलियाच्या पार आतल्या भागात, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा माश्या जास्त. गावातून एकच हमरस्ता जातो. त्याच्या एका टोकाला माजी सैनिकांचा हॉल आणि दुसऱ्या टोकाला दगडी स्मारक. लढाईवरून परत न आलेल्यांची नावं त्या दगडावर कोरलेली आहेत. मधलं अंतर चारशे वीस पावलं. वर्षातून एकदा, पंचवीस एप्रिलला, लढाईत गेलेल्यांच्या आठवणीच्या अँझॅक दिवशी, मी हे अंतर चालतो. म्हणजे मी कसला चालतोय, दुसऱ्याच्या पोटावर बसून जातो. उरलेले दिवस हॉलमधल्या कपाटावर बसायचं आणि खालच्या टेबलावर कोण पत्त्यांत लबाडी करतं ते बघायचं. सगळेच करतात.

मला घडवलं ऑल्बी ट्रेस्कॉटने. हा गावातला खोगिरं बनवणारा. पहिल्या मोठ्या लढाईवरून आला तो एका कानाने ठार बहिरा होऊन, आणि आल्याआल्या म्हणाला, "मला असं काहीतरी बनवायचंय जे मला ऐकू येईल." मग त्याने झाडाच्या फळ्या वाफेवर वाकवून माझं खोड केलं, आणि कातडं घेतलं बिशपचं.

बिशप हा बैल होता. तसा बैल पुन्हा झाला नाही. एकदा तो बँकेच्या मॅनेजरच्या मागे लागला, तर तो बिचारा पाण्याच्या उंच टाकीवर जाऊन बसला, आणि बिशप खाली ठाण मांडून बसला. दोन दिवस मॅनेजरने बँकेचा कारभार टाकीवरून केला. लोक शिडीने वर जायचे, सही घ्यायचे, खाली यायचे. बिशप पुढे म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला, तेव्हा मॅनेजर सगळ्यांत जास्त रडला म्हणतात. त्या बिशपची पाठ म्हणजे माझं पान. माझ्यावर पहिलं टिपरू पडलं तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या गायींनी माना वळवून बघितलं. खोटं वाटत असेल तर त्या टाकीला विचारा, ती अजून उभी आहे.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या पुढे होतो. ढोल पुढेच असतो, जगात सगळीकडे. माझ्यामागे चौतीस माणसं. छातीवर डाव्या बाजूला पदकं, कोटाला आठवणीची म्हणून रोझमेरीची काडी, बुटांना इतकं पॉलिश की त्यात बघून दाढी करावी. लष्करी चालीचा नियम असा की ढोलाचा ठोका म्हणजे डावं पाऊल. ढम्म, डावं. ढम्म, डावं. आणि चाल चांगली झपाझपा, घरी चूल पेटवून ठेवल्यासारखी.

त्या चौतिसांत लेन हारगुड होता. त्याचा डावा पाय लाकडाचा. गावच्या सुताराने खुर्चीच्या पायावरून बेतला होता. लेनचा डावा पाय ठोक्याला कधी पडायचाच नाही, मागाहून पडायचा. पोस्टापर्यंत तो वीस पावलं मागे पडला. आज जिथे बेकरी आहे, तिथे तो एकटाच राहिला. मग त्याने काय केलं, वळला, ऑल्बीच्या दुकानाच्या ओट्यावर बसला, आणि पाय काढून शेजारी ठेवला.

स्मारकापाशी बिगुल झालं, एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहिले, आणि मोजून बघतात तर एक माणूस कमी. ऑल्बी मला घेऊनच परत आला.

"लेन, अरे तू कुठे राहिलास?"

"मी नाही राहिलो," लेन म्हणाला. "तुम्ही गेलात."

बघा, आवाज खाली आला माझा. ऑल्बीचा एक कान बहिरा होता, पण हे त्याला नेमकं दुसऱ्या कानाने ऐकू आलं. तो लेनच्या शेजारी बसला, दोघांनी मिळून पाय परत बांधला.

पुढच्या वर्षी सगळे रांगेत उभे राहिले आणि ऑल्बी मला पोटावर बांधून थेट शेवटी जाऊन उभा राहिला, लेनच्याही मागे. गावचे कॅप्टनसाहेब मिशी फेंदारत आले.

"ऑल्बी, ढोल पुढे असतो."

"पुढे राहून मला लेनचा पाय दिसत नाही."

"लेनचा पाय बघून करायचंय काय तुला?"

"तो पडला की वाजवायचं," ऑल्बी म्हणाला.

तेव्हापासून कुराबिनची ही रीत. ढोल सगळ्यांच्या मागे. ढोल वाजवणाऱ्याने बघायचं फक्त एकच, सगळ्यांत दमलेला पाय कुठला. तो पाय पडला की ठोका. मग पुढच्या तरण्याताठ्यांनी आपली ऐट आवरून त्या ठोक्यावर चालायचं. आणि नियम एकच, ढोलाच्या मागे कोणी राहायचं नाही.

शेजारच्या गावांनी खूप हसून घेतलं. "कुराबिनचा ढोल हरवलाय, मागून शोधत येतोय," म्हणायचे. एक वर्ष तर आमची चाल इतकी हळू झाली की हॉलपासून गुळगुळीत दाढी करून निघालेले स्मारकापाशी पोचले तेव्हा हातभर दाढ्या वाढल्या होत्या आणि न्हाव्याला तिथेच बोलवावं लागलं. हसा. पण त्या वर्षापासून लेनचा लाकडी पाय एकदाही चुकला नाही. चुकणार कसा? बरोबर काय ते तोच ठरवत होता.

माझा एक नाजूकपणा सांगतो. कातड्याचा ढोल दवाने ढिला पडतो. पंचवीस एप्रिलला पहाटेची प्रार्थना असते, गवत ओलं, थंडी अशी की बिगुलवाल्याचे ओठ बिगुलाला चिकटावेत. म्हणून प्रार्थना संपली की मला हॉलमधल्या चहाच्या बंबाशेजारी ठेवतात. कातडं हळूहळू ताणलं जातं, मला बरं वाटतं. सगळे म्हातारे तिथेच उभे राहून चहा पितात, आणि त्या चहात रम असते. ओट्सची बिस्किटं असतात, ती इतकी कडक की लढाईत बंदुकीत घालायची असावीत. एका वर्षी कोणाचा तरी धक्का लागून अख्खा कप माझ्यावर सांडला. मी गुरुवारपर्यंत आपोआप वाजत होतो. तेही पोरकट गाणी.

ऑल्बीने पंच्याहत्तरीपर्यंत मला वाजवलं. मग त्याची नात डल्सी पुढे आली. सोळा वर्षांची, हात बेकरीच्या पिठात मळलेले. कमिटी म्हणाली, मुलगी ढोल कशी वाजवेल? डल्सी म्हणाली, "हातांनी." विषय संपला.

पंचावन्न वर्षं वाजवलं तिने मला. त्या पंचावन्न वर्षांत माझ्यासमोर, अगदी शेवटच्या ओळीत, कायम दोन पाठी असायच्या. डावीकडे ऑसी पॅलिस्टर, उजवीकडे क्लॅरी नूनन. हे दुसऱ्या मोठ्या लढाईतले. दोघं कैदेत होते, आणि परत आले तेव्हा त्यांचे कोट त्यांना घेऊन आल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून दोघं कायम एकत्र. मेंढ्या कातरायला एकत्र, मासे धरायला एकत्र, भांडायलाही एकत्र. क्लॅरीचा गुडघा आधी गेला. मग त्याचा पाय तो माझा ठोका. शेजारी ऑसी मुद्दाम पाय ओढत चालायचा, आपणही तितकेच दमलोय असं दाखवत. मला फसवत होता. अहो, मी ढोल आहे. खोटा पाय मला लगेच कळतो.

माझे वाईट दिवसही आले. माझ्या पानाला वीतभर चीर गेली. आवाज फाटला. एरवी लोक माझ्यावर शेंगदाण्याच्या बशा ठेवायला लागले, ओल्या छत्र्या लटकवायला लागले. उंदरांच्या एका घराण्याने माझ्यात तीन पिढ्या काढल्या. लग्नंही लावली, आणि ढोल आतच असल्यामुळे वाजंत्र्यांचा खर्च वाचला.

मग एका हिवाळ्यात क्लॅरी गेला. पुढच्या मार्च महिन्यात हॉलमध्ये बैठक भरली. मी कपाटावरच होतो, सगळं ऐकलं.

हॉलचे नवे सेक्रेटरी ग्रेम टकवेल. शहरातून निवृत्त होऊन आलेले. माणूस भला, पण हातात कायम कागद लावलेली पाटी, आणि अंगात दिव्यासारखं चमकणारं पिवळं जाकीट. जेवतानाही काढत नसत.

"हमरस्ता बंद ठेवायची परवानगी अर्ध्या तासाची आहे," ग्रेम म्हणाले. "साडेदहा ते अकरा. गेल्या वर्षी आपल्याला पंचेचाळीस मिनिटं लागली. मेंढ्यांचे ट्रक अडकले. वरून पत्र आलंय. या वर्षी उशीर झाला तर पुढच्या वर्षी रस्ता मिळणार नाही, मग मैदानात गोल गोल फिरा."

"गेल्या वर्षी क्लॅरी होता," डल्सी म्हणाली.

"माहीत आहे, डल्सी. म्हणून मी असं ठरवलंय. पुढे गाडीवर लाउडस्पीकर, त्यावर बँडचं रेकॉर्डिंग. नेमाची चाल, आठ मिनिटांत स्मारक. ढोल आपण काचेच्या कपाटात ठेवू, खाली छान पाटी लावू. आणि ऑसी जीपमध्ये बसतील. ब्लँकेटही आहे."

सगळ्यांनी ऑसीकडे बघितलं. सत्त्याण्णव वर्षांचा ऑसी बिस्कीट चहात बुडवून मऊ व्हायची वाट बघत होता.

"जीपमध्ये बसायला मी काय सफरचंदाची पेटी आहे?"

"तुमच्या तब्येतीसाठी म्हणतोय."

"माझ्या तब्येतीला काय झालंय? सगळे डॉक्टर मेले माझे. मी आहे."

हॉल हसला. ग्रेमही हसले. ऑसीने मात्र बिस्कीट बशीत ठेवलं.

"हे बघ ग्रेम. तिकडे कैदेत असताना आम्हाला एकदा चालवलं होतं. जंगलातून, नऊ दिवस. निघालो तेव्हा तीनशे सोळा होतो. जो मागे राहिला तो राहिलाच, वळून बघायचीही सोय नव्हती. पाचव्या दिवशी मी बसलो. क्लॅरीने मला उठवलं. माझ्या बापाबद्दल असं काही बोलला की मी त्याला मारायला उठलो. तो पुढे आणि मी त्याच्या मागे, असा उरलेला रस्ता चाललो." त्याने बशी बाजूला सारली. "परत आलो, आणि पहिल्याच वर्षी चाललो, तर इथे ढोल मागे. तेव्हापासून मी त्या ढोलाच्या पुढे चालतोय. तो मागे वाजत असला की मला माहीत असतं, मागे कोणी राहिलेलं नाही. त्या जंगलात आमच्या मागे ढोल नव्हता, ग्रेम."

पत्त्यांच्या टेबलावरच्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले.

"या वर्षी क्लॅरीची पदकं घेऊन जायचंय मला," ऑसी म्हणाला. "जीपमधून नाही. पायांनी."

ग्रेमने पाटीवरचा कागद उलटून बघितला. "परवानगी अर्ध्याच तासाची आहे, ऑसी. ते माझ्या हातात नाही."

डल्सीने बोटांवर हिशेब केला. "चारशे वीस पावलं. चार सेकंदांना एक टाकलंस तर अठ्ठावीस मिनिटं. न थांबता. जमेल, म्हाताऱ्या?"

"तुझ्या फाटक्या ढोलाला जमेल का ते बघ, पोरी," ऑसी म्हणाला. पोरगी एक्काहत्तर वर्षांची होती.

शेवटी ठरलं असं. ऑसी चालणार, ढोल मागे वाजणार. पण लाउडस्पीकरची गाडी पुढे राहणारच, कारण ती कमिटीने ठरवून झाली होती, आणि कमिटीने ठरवलेलं बदलायला दुसरी कमिटी लागते. आणि अकरा वाजेपर्यंत ऑसी पोचला नाही, तर जिथे असेल तिथून जीप.

इथेच चूक झाली, मित्रांनो. एका मिरवणुकीला दोन चाली. ती त्या दिवशी कोणाच्या लक्षातच आली नाही.

डल्सीने मला घरी नेलं. उंदरांना सन्मानाने निरोप दिला. आजोबांची जुनी खोगीर शिवायची सुई काढली, त्यांच्याच एका खोगिराचा तुकडा कापला आणि माझी चीर शिवली. एकवीस टाके. दुखलं का? मी बिशपची पाठ आहे, मी तोंडातून ब्र काढला नाही. नंतर दोऱ्या ताणून तिने एक ठोका दिला. आवाज आला, पण घोगरा, सकाळी उठल्या उठल्या आजोबा बोलतात तसा.

"आता ऑसीशी जुळतो," डल्सी म्हणाली.

तिकडे ऑसी रोज संध्याकाळी तिच्या परसात कपडे वाळत घालायच्या दोरीभोवती फेऱ्या मारायचा, आणि डल्सी बिस्किटांच्या डब्यावर ठोका द्यायची. पहिल्या दिवशी चाळीस पावलं. मग साठ. मग शंभरला तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुझ्या चादरी फार जोरात फिरतात." एप्रिलच्या वीस तारखेला तो चारशे वीस चालला. एकोणतीस मिनिटं. दोघांनी मिळून एक मोठी बाटली संपवली आणि बेसूर गायले. शेजारच्या कुत्र्याने पोलिसांत तक्रार केली.

पंचवीस तारीख उजाडली. पहाटे प्रार्थना, मग बंबाशेजारी मी. ऑसी माझ्याशेजारीच खुर्चीवर बसला होता. डाव्या बाजूला स्वतःची पदकं, उजव्या बाजूला क्लॅरीची. गेलेल्याची पदकं उजवीकडे लावतात आमच्यात. डल्सीच्या कोटावर उजवीकडे ऑल्बीची होती. कपमधला शेवटचा घोट ऑसीने घेतला नाही, खाली ओतला. कोणासाठी ते विचारू नका.

साडेदहाला निघालो. पुढे लाउडस्पीकरची गाडी, शेजारी ग्रेम चमकत. मग आठ माजी सैनिक, पन्नाशी-साठीपासून पंच्याहत्तरीपर्यंतचे. मग पोरंबाळं, नर्सबाया, अग्निशमनवाले, आजोबांची पदकं लावलेले नातू-पणतू. मग ऑसी. मग डल्सी आणि मी.

ऑसीचं डावं पाऊल. ढम्म. चार सेकंदांनी उजवं, आणखी चार सेकंदांनी पुन्हा डावं. ढम्म.

पण पुढे लाउडस्पीकर बोलत होता, झपाझपा, धडाडधूम. पुढचे लोक त्यावर चालले. त्यांचा तरी काय दोष, कानाशी जे वाजतं त्यावर पाय पडतात. मधल्यांना दोन्ही ऐकू यायचं, ते एक पाऊल असं टाकत, एक तसं, लग्नात पहिल्यांदा नाचायला लावलेल्या नवरदेवासारखे. आणि मिरवणूक ताणली जायला लागली. डल्सीच्या बेकरीतल्या कणकेसारखी, मध्ये बारीक होत होत.

पोस्टापाशी आमच्यापुढे दहा पावलं मोकळा रस्ता होता. शाळेपाशी तीस. बेकरीपाशी पोचलो तेव्हा शेवटची पाठ शंभर पावलं लांब गेली होती.

ऑसी थांबला.

"पाय दुखतोय?" डल्सीने मागून विचारलं.

तो पुढे बघत होता. लांब जाणाऱ्या त्या पाठींकडे.

"गेले," तो म्हणाला. एवढंच. आणि तो आवाज सत्त्याण्णव वर्षांच्या माणसाचा नव्हता, विशीतल्या पोराचा होता.

डल्सीच्या गळ्यात मी अडकवलेला. ती त्याचा हात धरायला गेली असती तर मला खाली ठेवावं लागलं असतं, आणि तिने मला रस्त्यात कधी खाली ठेवलं नव्हतं. तिच्यासमोर ओटा होता, तोच, लेन पाय काढून बसला होता तो. बेकरी म्हणजे ऑल्बीचं जुनं दुकानच की.

मग तिने मला वाजवलं. चालीसाठी नाही. हाक मारायला. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने. मी असा गरजलो की टाकीतलं पाणी उडालं, स्मारकावरचे कोकाटू पोपट पांढऱ्या ढगासारखे उठले आणि शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बसले, आणि त्या धक्क्याने लाउडस्पीकरची वायर आपोआप निखळून रस्त्यावर पडली.

बरं, वायर आपोआप निखळली नाही.

ग्रेमने मागे वळून बघितलं. दोनशे पावलांवर, मोकळ्या रस्त्याच्या मधोमध, एक माणूस उभा होता आणि त्याच्यामागे ढोल. ग्रेमने पाटी काखेत घातली, गाडीकडे गेले, आणि स्वतःच्या हाताने वायर उपसली.

शांत झालं. त्या शांततेत माझा घोगरा आवाज रस्ताभर ऐकू गेला. पुढचे सगळे वळले. कोणी हुकूम दिला नाही. ते परत आले, पोरंबाळांसकट, नर्सबाया, अग्निशमनवाले, सगळं गाव उलटं चालत आलं आणि ऑसीच्या पुढे, त्याला हाताने शिवता येईल इतकं जवळ, ओळीने उभं राहिलं.

ग्रेमही आले, घामाघूम. "ऑसी, माफ करा. मी पुढे बघत होतो."

"पुढे बघणाऱ्याने जाकीट तरी साधं घालावं," ऑसी म्हणाला. "मला वाटलं सूर्यच निघून गेला."

डल्सी हसली. हसताना तिचं नाक गळत होतं. "चल म्हाताऱ्या. क्लॅरी तुझ्या बापाबद्दल काय बोलला होता, ते मी बोलू का?"

"तुझ्या तोंडी शोभणार नाही ते," ऑसी म्हणाला, आणि डावं पाऊल टाकलं.

ढम्म.

आणि सगळ्या गावाचं डावं पाऊल एकदम पडलं.

पोस्टाच्या घड्याळात अकराला सात मिनिटं कमी होती आणि दोनशे पावलं बाकी. हिशेब तुम्हीच करा. अकराचे ठोके पडले तेव्हा आम्ही दवाखान्यापाशी होतो. मागे अडसरापाशी मेंढ्यांचे तीन ट्रक उभे. पहिल्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. ग्रेम आमच्याकडे बघत उभे होते, जीप तयार होती, ड्रायव्हरने किल्लीला हात घातला होता. ग्रेमने त्याला मानेनेच नको म्हटलं आणि ते चालत अडसराकडे गेले.

"अकरा वाजले, साहेब," ट्रकवाला खिडकीतून म्हणाला. "अजून किती वेळ?"

ग्रेमने आमच्याकडे बोट केलं. "तो जितका घेईल तितका."

"पत्र येईल तुम्हाला."

"येऊ दे. मी फ्रेम करून लावीन."

ट्रकवाला खाली उतरला. बघत राहिला. मग वर हात घालून त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. मागच्या दोघांनीही बंद केलं. मेंढ्या इतक्या गप्प झाल्या की मला लाज वाटली. त्यातली एक मेंढी ठोक्यावर डावा पाय टाकत होती. ही मात्र थाप नाही. बरं, असेल थोडी.

अकरा वाजून आठ मिनिटांनी ऑसीने स्मारकाच्या पायरीला हात लावला. कोटावरची रोझमेरीची काडी काढून दगडावर ठेवली. मग न वळता विचारलं,

"डल्सी, मागे कोणी राहिलं का?"

तिने वळून बघितलं. माझ्यामागे मोकळा रस्ता, आणि लांब अडसरापाशी टोप्या काढलेली तीन माणसं.

"कोणी नाही, ऑसी."

"मग बस कर ते धबधब. बिगुल ऐकू दे."

ऑसी पुढच्या वसंतात गेला. झोपेत, कोणाला त्रास न देता, जे त्याच्या स्वभावाला अजिबात शोभलं नाही. पत्र आलं, आणि ग्रेमने खरंच ते फ्रेम करून कपाटाशेजारी लावलं. रस्ता मात्र मिळाला. त्या ट्रकवाल्यांनीच वर लिहून कळवलं होतं की पंचवीस तारखेला आमची घाई धरू नका.

आता डल्सीचा गुडघा बदललाय. या वर्षी मिरवणुकीआधी तिने मला पोटावर बांधलं, दोन पावलं टाकली आणि थांबली. रांगेत सगळ्यांत दमलेला पाय कुठला हे बघायला तिने मान वर केली, आणि मग हळूच खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. तिने पट्टा सोडला आणि मला ग्रेमच्या गळ्यात अडकवलं.

"मला वाजवता येत नाही, डल्सी," ग्रेम म्हणाले.

"वाजवायचं नसतंच. बघायचं असतं. माझा पाय पडला की मार."

"आणि चुकलो तर?"

"तर मी मागे वळून तुझ्या बापाबद्दल काहीतरी बोलेन."

असा मी आता ग्रेमच्या पोटावर असतो. जाकीट अजून पिवळंच आहे. ठोका जरा भित्रा आहे, पण पायावर बरोबर पडतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती. तुमच्या घरी, शाळेत, गावात माझ्यासारखं जुनं काही वाजणारं असेल, तर त्याला ओलीत ठेवू नका, त्याच्यावर बशा ठेवू नका, आणि चीर गेली तर काचेत बंद करायच्या आधी सुईदोरा घेऊन बघा. आणि कधी सगळ्यांच्या पुढे चालायची पाळी आली, तर मध्ये एकदा थांबा आणि मागे बघा. सगळ्यांत दमलेला पाय शोधा. तो पडू दे.

मग टाका. आधी डावं.